जपानने नेमके काय जपले?

जपानविषयी मराठीत एक समजूत इतकी मुरली आहे की तिला पुरावा मागावा असे कोणाला वाटत नाही. जपानी माणूस बुलेट ट्रेनने कामावर जातो, यंत्रमानव घडवतो, आणि तरीही चेरी फुलली की झाडाखाली जाऊन बसतो. वसंताच्या उंबरठ्यावर भाजलेले सोयाबीन फेकून घरातली भुते हाकलतो. शरदाच्या पौर्णिमेला चंद्रापुढे तांदळाच्या पिठाचे गोळे मांडतो. निसर्गपूजेचे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे सण त्याने जसेच्या तसे सांभाळले, आणि आपण मात्र डीजे लावून आपल्या सणांची रया घालवली, असा हा दाखला प्रवासवर्णनांत, दिवाळी अंकांत आणि व्याख्यानमालांत पुन्हा पुन्हा दिला जातो. त्याला जोडून येणारा उपदेशही ठरलेला असतो: आधुनिक व्हा, पण परंपरेला धक्का लावू नका.

या पूर्वपक्षात खरे किती ते आधी मान्य करू. जपानमधले ऋतूंचे सण संग्रहालयात गेलेले नाहीत. टोकियोसारख्या अवाढव्य शहरातही मोहल्ल्यामोहल्ल्यांतून देवाची पालखी, म्हणजे मिकोशी, निघते. एरवी कचेरीत बसणारी माणसे आखूड अंगरखे घालून तिला खांदा देतात. हे कोणालाही दिसते. प्रश्न कारणाचा आहे. ‘धक्का लावला नाही म्हणून टिकले’ हे अनुमान इतिहासासमोर उभे राहत नाही. जपानने आपल्या सणांची तिथी बदलली, दैवत बदलले, देवळे पाडली, मिरवणुका बंद केल्या. तरी ते टिकले असतील, तर टिकण्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे.

तिथीपासून सुरुवात करू. १८७२ पर्यंत जपानची कालगणना आपल्यासारखीच चांद्र-सौर होती. तिच्यात अधिक महिना यायचा. त्या वर्षीच्या ९ डिसेंबरला मेइजी सरकारने फर्मान काढले की चालू वर्षाच्या बाराव्या महिन्याचे दोनच दिवस होतील आणि तिसरा दिवस १ जानेवारी १८७३ मानला जाईल. लोकांना मिळाले जेमतेम तीन आठवडे. पाश्चात्त्य राष्ट्रांशी व्यवहार सोपा व्हावा हा हेतू होताच. पण त्या वेळच्या सरकारातले एक कर्ते पुरुष ओकुमा शिगेनोबु यांनी पुढे आणखी एक कारण सांगून ठेवले. सरकारी नोकरांना मासिक पगार नुकते सुरू झाले होते, तिजोरीत खडखडाट होता आणि येणाऱ्या वर्षात अधिक महिना पडत होता, म्हणजे तेरा पगार. कालगणना बदलताच तेरावा पगार वाचला, दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचाही वाचला. बाराशे वर्षांच्या पंचांगाला निरोप देण्यामागे पगारपत्रकही होते! फुकुझावा युकिची यांच्यासारख्या विचारवंताने लगोलग पुस्तिका लिहून नव्या कालगणनेची तरफदारी केली. पुढचा घाव ४ जानेवारी १८७३ चा. पहिल्या महिन्याचा सातवा दिवस, तिसऱ्याचा तिसरा, पाचव्याचा पाचवा, सातव्याचा सातवा आणि नवव्याचा नववा हे पाच ऋतूसण शोगुनांच्या काळापासून राजमान्य होते. सरकारने त्यांची मान्यता काढली आणि त्या जागी पौराणिक सम्राट जिम्मूचे राज्यारोहण आणि विद्यमान सम्राटाचा वाढदिवस हे नवे सण बसवले.

लोकांनी सण सोडले नाहीत, पण सण ऋतूंपासून सुटले. तानाबाता हा दोन ताऱ्यांच्या भेटीचा सण. आपण ज्यांना अभिजित आणि श्रवण म्हणतो ते आकाशगंगेच्या दोन काठांवरचे तारे वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री भेटतात अशी कथा आहे. जुन्या पंचांगात ही रात्र बहुधा ऑगस्टात पडायची. पाऊस सरलेला असायचा, सप्तमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळायचा आणि तारे उजळायचे. आता सण ७ जुलैला येतो आणि टोकियो भागातला पावसाळा सरासरीने १९ जुलैच्या सुमारास संपतो. प्रेमिकांची भेट ढगाआड. म्हणून जपानची राष्ट्रीय खगोल वेधशाळा २००१ पासून जुन्या गणिताने येणारी ‘पारंपरिक तानाबाता’ वेगळी जाहीर करते. मुलींचा बाहुल्यांचा सण पीचच्या फुलांचा. तो आता ३ मार्चला येतो, तेव्हा उघड्यावरचा पीच फुललेलाच नसतो, फांद्या ऊब देऊन फुलवाव्या लागतात. नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर ‘नवा वसंत’ लिहायचे आणि बाहेर ऐन जानेवारीची थंडी.

यावर देशाने एकच तोडगा काढला असेही नाही. काहींनी आकडा धरला आणि ऋतू सोडला. काहींनी सण एक महिना पुढे ढकलून ऋतू राखला: सेंदाईची प्रसिद्ध तानाबाता ६ ते ८ ऑगस्टला होते आणि हिदा-ताकायामाकडे बाहुल्यांचा सण ३ एप्रिलला. ओकिनावाने जुने पंचांगच धरून ठेवले. ओबोन, म्हणजे पितर घरी येण्याचा काळ, टोकियोत जुलैच्या मध्यावर, बहुतेक देशात ऑगस्टच्या मध्यावर आणि ओकिनावात जुन्या सातव्या महिन्याच्या त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत. एका देशात पितर तीन वेळा येतात आणि तिन्ही वेळा त्यांना पान वाढले जाते. ‘जसेच्या तसे’ म्हणायचे ते यांतले कोणते?

तिथीचे झाले; दैवताचे काय? क्योतोचा गिओन उत्सव हा पूर्वपक्षाचा सर्वांत लाडका दाखला, म्हणून तोच घेऊ. ८६९ मध्ये साथ आली तेव्हा त्या काळच्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून रोगदेवतेची शांती केली, ही त्याची सुरुवात मानतात. गिओन हे नाव श्रावस्तीच्या जेतवन विहारावरून आलेले. देवता होती गोझु तेन्नो, म्हणजे गोमुख देवराज; तिचे घर जेतवनाशी जोडलेले. बौद्ध, शिंतो आणि चिनी कल्पना यांची ती सरमिसळ होती. १८६८ मध्ये सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. गिओनचे देवस्थान ‘यासाका’ झाले आणि गोमुख देवराजाच्या जागी शुद्ध शिंतो देव सुसानोओ बसला. पुढे १९०६ पासून ‘एका गावाला एक देऊळ’ या धोरणाने लहान देवळे मोठ्यांत विलीन करण्याचा सपाटा चालला. देशात सुमारे २ लाख देवळे होती, त्यांतली ७० हजारांच्या आसपास काही वर्षांत नाहीशी झाली. देवळाबरोबर देवराई तुटली आणि त्या वाडीचा सणही गेला. वाकायामातल्या तानाबे गावचे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसु या धोरणाविरुद्ध झुंजले. १९१० मध्ये त्यापायी कोठडीतही गेले. आधुनिक जपानने निसर्गपूजेला हात लावला नाही असे म्हणणाऱ्याने कुमागुसुंची कोठडी कुठे ठेवायची ते सांगावे.

गिओनची मिरवणूक तरी अखंड आहे का? १४६७ मध्ये ओनिन युद्धाने क्योतो जळाले आणि मिरवणूक तेहतीस वर्षे थांबली; १५०० मध्ये पुन्हा निघाली. १८६४ च्या लढाईतल्या आगीत अनेक रथ खाक झाले. १९६२ मध्ये शिजो रस्त्याखाली रेल्वेचे खोदकाम चालले होते म्हणून मिरवणूक निघाली नाही. १९६६ मध्ये वाहतूक आणि पर्यटन यांच्या सोयीसाठी पूर्वार्धाची आणि उत्तरार्धाची मिरवणूक एक केली गेली; २०१४ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या होऊन १७ आणि २४ जुलैला निघू लागल्या. १८६४ मध्ये जळालेला नौकारथ त्याच वर्षी, दीडशे वर्षांनी, रस्त्यावर आला. १८२६ मध्ये वादळपावसात बिघडून बाजूला पडलेला ताकायामा रथ २०२२ मध्ये परतला. मधली दोन वर्षे, २०२० आणि २०२१, महामारीने रथ निघाले नाहीत. साथ शमवण्यासाठी जन्मलेला उत्सव साथीमुळेच थांबला.

आणि रथांवर पांघरले आहे काय? सोळाव्या शतकातले फ्लेमिश पडदे, त्यांतल्या एकावर बायबलमधली रिबेकाची कथा; चिनी जर; आणि डच जहाजांतून आलेले भारतीय गालिचे, ज्यांतले काही अभ्यासकांनी आपल्या दख्खनचे ठरवले आहेत. जे ‘शुद्ध जपानी’ म्हणून आपण पाहायला जातो, त्याच्या अंगावर विजापूर-गोवळकोंड्याकडची लोकर असू शकते.

इथवर आले की दुसरा प्रतिपक्षी पुढे सरसावतो. तो म्हणतो, ‘हेच तर आमचे म्हणणे. हे सगळे बनावट आहे. सण म्हणजे दुकानदारांचा खेळ. आधुनिक माणसाने त्यात अर्थ शोधू नये.’ त्याच्याकडेही दाखले आहेत. सेत्सुबुनच्या, म्हणजे सोयाबीन फेकण्याच्या, रात्री शुभ दिशेकडे तोंड करून न बोलता अख्खी सुशीची वळकटी खायची, ही एहोमाकीची प्रथा मूळची ओसाकाकडची. १९८९ मध्ये हिरोशिमातल्या एका सेव्हन-इलेव्हनने ती विकायला घेतली आणि १९९८ पर्यंत ती देशभर गेली. पुढे न विकलेल्या वळकट्यांचे ढीग इतके फेकले जाऊ लागले की जानेवारी २०१९ मध्ये कृषी मंत्रालयाला विक्रेत्यांच्या संघटनांना ‘मागणीपुरतेच बनवा’ असे सांगावे लागले. १९९१ पासून मॅकडोनाल्ड्स चंद्रदर्शनाच्या मोसमात अंड्याचा ‘त्सुकिमी’ बर्गर विकते.

हा प्रतिपक्ष पहिल्यापेक्षा हुशार आहे, पण त्याच्या युक्तिवादात पहिल्याचीच चूक लपलेली आहे. दोघेही सणाची किंमत त्याच्या उगमावरून ठरवतात. एकाला उगम प्राचीन वाटतो म्हणून तो नमस्कार करतो, दुसऱ्याला तो अर्वाचीन दिसतो म्हणून तो नाक मुरडतो. उगमाने काही ठरत नाही. सेंदाईच्या तानाबातेला आज दिसणारे भव्य रूप १९२७-२८ मध्ये मंदीने गांजलेल्या व्यापाऱ्यांनी दिले. जपानमधल्या कोचीचा योसाकोई नाच १९५४ मध्ये तिथल्या व्यापारी मंडळाने युद्धोत्तर मरगळ झटकण्यासाठी सुरू केला. हातात लाकडी खुळखुळा हवा आणि चालीत योसाकोईची ओळ हवी, एवढाच नियम. गटागटांनी आपापले नाच बसवले, पोशाख शिवले, आणि १९९२ मध्ये एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने तो सप्पोरोला पोचला. सप्पोरोचा हिमोत्सव १९५० मध्ये शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत केलेल्या सहा हिमशिल्पांतून उभा राहिला. ज्या चेरीखाली बसून आपण ‘प्राचीन जपान’ अनुभवतो, ती सोमेई-योशिनो जातही एकोणिसाव्या शतकातली, कलमाने पसरलेली. दुकानदाराने सुरू केलेले सगळेच उद्या विरून जाते असे नाही आणि पुरोहिताने सुरू केलेले सगळेच टिकते असेही नाही. विकत घेऊन संपणारी वस्तू आणि करावी लागणारी गोष्ट, यांत फरक आहे. बर्गर पहिल्या वर्गात, योसाकोई दुसऱ्या.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: श्रद्धा नसेल तर ऋतूपूजेला अर्थ काय? जपानमध्ये बहुसंख्य लोक विचारले तर ‘माझा कोणताही धर्म नाही’ म्हणतात. उलट सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या वार्षिक अहवालात धर्मसंस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या साडेबारा कोटींच्या लोकसंख्येहून कितीतरी जास्त भरते, कारण एकच माणूस देवळाच्याही वहीत असतो आणि विहाराच्याही. या माणसाकडे श्रद्धेचे प्रमाणपत्र मागणे व्यर्थ आहे. या आक्षेपाचे उत्तर क्योतोच्या लोकांनी १५३३ मध्येच देऊन ठेवले आहे. त्या वर्षी शोगुनांच्या सत्तेने गिओनचे धार्मिक विधी थांबवले, तेव्हा मोहल्ल्यांच्या प्रतिनिधींनी देवस्थानाकडे जाऊन मागणी केली, की देवाचे विधी नसले तरी चालतील, आमचे रथ निघू द्या. पाचशे वर्षांपूर्वीची ही मागणी आहे. तिला आधुनिकतेचा ऱ्हास म्हणता येणार नाही. विधी देवस्थानाचा होता, रथ मोहल्ल्याचा होता, आणि लोकांना आपले काय ते ठाऊक होते.

आधुनिक राज्यानेही ऋतू राखल्याचा एक दाखला पाहा. १९४८ च्या राष्ट्रीय सुट्ट्यांच्या कायद्याने वसंत-संपात आणि शरद-संपात या दोन दिवसांना सुट्टी दिली. एकाचा हेतू निसर्गाचा गौरव आणि सजीवांवर प्रेम, दुसऱ्याचा पूर्वजांचे स्मरण. कायद्यात तारीख लिहिलेलीच नाही. वेधशाळा सूर्याचे गणित करते आणि आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत राजपत्रात दिवस जाहीर होतो. सेत्सुबुनही तसाच सूर्याच्या स्थानाला बांधलेला, म्हणून २०२१ मध्ये तो २ फेब्रुवारीला आला, १८९७ नंतर पहिल्यांदा. यालाही ‘जसेच्या तसे’ म्हणू नये: हे संपातदिन युद्धापूर्वी सम्राटाच्या पूर्वजपूजेचे दिवस होते, युद्धानंतर नागरिकांचे झाले. नव्या भाताच्या राजपूजेची, निइनामेसाईची, तारीख तर आणखी बोलकी. पूर्वी ती अकराव्या महिन्याच्या दुसऱ्या शशदिनी, म्हणजे बारा प्राण्यांच्या चक्रातल्या सशाच्या दिवशी, असे. १८७३ च्या नोव्हेंबरात तो दिवस २३ तारखेला पडला आणि पुढे तीच तारीख कायम झाली. १९४८ पासून तीच ‘श्रम-आभार दिन’ आहे. एका वर्षाचा योगायोग आज परंपरा आहे.

मग सण मरतो कशाने? इवाते प्रांतातल्या ओशू शहरात कोकुसेकी-जी विहार आहे. तिथल्या सोमिन-साई उत्सवात ऐन थंडीच्या रात्री उघड्या अंगाने पुरुष ताईतांच्या पिशवीसाठी झटत. हजार वर्षांहून जुना मानला जाणारा हा उत्सव १७ फेब्रुवारी २०२४ ला शेवटचा झाला. सरकारने बंदी घातली नव्हती, बाजाराने गिळला नव्हता, शेवटच्या रात्री गर्दीही होती. लाकडे तोडणारी, ताईत घडवणारी, तयारीचा भार वाहणारी मोजकी घरे म्हातारी झाली आणि मागे कोणी नव्हते. लोकविद्येचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९४२ च्या ‘निहोन नो मात्सुरि’मध्ये सांगितले होते की उत्सवात केवळ बघायला येणारे लोक शिरले, तिथे त्याचे स्वरूप मुळातून बदलले. कोकुसेकी-जीच्या उत्सवाचा शेवट त्याला जोड देतो: बघ्यांची गर्दी कितीही झाली तरी करणाऱ्यांची उणीव भरून निघत नाही. याच्या उलट ओगा द्वीपकल्पात दारोदार फिरणाऱ्या नामाहागेचे राक्षसी मुखवटे घालणारी पोरे कमी पडू लागली, तेव्हा काही वस्त्यांनी बाहेरच्या तरुणांना आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही मुखवटा दिला. तो सण मूळचा पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेचा, आता ३१ डिसेंबरच्या रात्रीचा. तिथी गेली, रक्ताचे नाते गेले, पण दारावर थाप मारणारे राहिले. २०१८ मध्ये युनेस्कोने जपानच्या अशा अतिथिदेवांच्या दहा प्रथा वारसायादीत घेतल्या, त्यात नामाहागे आहे.

करणारे राहिले तर सण राहतो, हा सिद्धान्त आपल्याकडे लावून पाहिला तर पहिल्या पूर्वपक्षाचा दुसरा निम्मा भागही ढासळतो. आपण पंचांगाला धक्का लावला नाही, म्हणून आपले सण ऋतूत राहिले काय? स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज संक्रांत १४ नाही तर १५ जानेवारीला येते. आपले ताऱ्यांना धरून चालणारे निरयन गणित तिला सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे नेते. आपण उत्तरायणाचे तिळगूळ वाटतो, तेव्हा सूर्य वळून तीन आठवडे उलटलेले असतात. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकातच ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा आग्रह धरला होता. आपण तो ऐकला नाही. जपानने एका फर्मानाने जे केले, ते आपण काही न करता करतो आहोत. जपानी ज्योतिषी शिबुकावा शुन्काई यांनी आठशेहून अधिक वर्षे चाललेले चिनी गणित १६८५ पासून बदलवून घेतले आणि ऋतूंच्या पाच-पाच दिवसांच्या बहात्तर पंचकांची वर्णनेही जपानच्या हवेनुसार फिरवली. परंपरेचे हे संपादन तिथे शास्त्रज्ञानेच केले आणि लोकांनी ते स्वीकारले.

आणि जिथे आपला ऋतूसण खरोखर जिवंत आहे तिथे काय आढळते? लातूर-धाराशिव भागातली येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, बघा. तिला राष्ट्रीय जाहिरात नाही, पुरोहिताचे फारसे काम नाही. हिरव्या रब्बीत कडब्याची कोप उभारायची, आंबील आणि भज्जी रांधून शेतात न्यायची, पांडवांची पूजा करायची, येईल त्याला जेवू घालायचे. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, कारण सगळे शेतात असतात आणि जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देते. ज्याचे शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. हे ‘जतन’ कोणी ठरवून केलेले नाही. आंबील घुसळणारे हात आहेत म्हणून ते आहे.

टोकियोच्या निशि-कासाईसारख्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तिथीचा हा प्रश्न दरवर्षी पडतो. गुढी पाडव्याला कचेरी असते, गणपतीची चतुर्थी मधल्या वारी येते. मग कार्यक्रम रविवारी. इथल्या नातलगांना तो शास्त्राचा अपमान वाटतो. त्यांनी आसाकुसाच्या सान्जा उत्सवाकडे पाहावे. पूर्वी १७-१८ मेला होणारा तो उत्सव आता मेच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या आसपास होतो, म्हणून खांदे मिळतात. ज्या देशाचा दाखला आपण तिथीच्या पावित्र्यासाठी देतो, तोच देश पालखी उचलणाऱ्यांच्या सोयीने तिथी हलवतो.

म्हणून जपानकडून उसना घ्यायचा तो धडा ‘काही बदलू नका’ हा नव्हे. आपल्याकडे सणांवरचे वाद बहुतेक मुहूर्त, मूळ आणि मालकी यांवर होतात: तिथी कोणती, सण किती जुना, कोणाचा. त्या वादांना ज्ञानाच्या दृष्टीने जागा आहे आणि मी स्वतःही ते आवडीने करतो. पण सण टिकेल की नाही हे त्यांच्या निकालावर ठरणार नाही. ठरेल ते एका साध्या, थोड्या कंटाळवाण्या प्रश्नावर: पुढच्या वर्षी तयारीचा भार कोण घेणार आणि तो घेणाऱ्यांत नव्या माणसाला, सुनेला, भाडेकरूला, परप्रांतीयाला, शेजारच्या पोराला शिरायला वाट आहे की नाही. ज्या सोसायटीकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, तिने संक्रांत २२ डिसेंबरला केली तरी ती परंपरेत आहे. जिच्याकडे नाही, तिची तिथी कितीही अचूक असली तरी तिच्या सणाची वर्षे मोजलेली आहेत.